तिमोनची खोली

फाटकावर पाटी: खोल्या मिळतील.
'मिळतील'चा शेवटचा ल खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला.
बोग्नाबाईंनी किल्ली दिली, चादरी मोजून दिल्या
आणि बजावलं,
वाळू पायांवर आणू नका,
एकदा घरात शिरली की नोव्हेंबरपर्यंत निघत नाही.

खोली एवढीशी. खाट, घडीचा पलंग,
पडद्यावर निळे नांगर.
दाराच्या चौकटीला पेन्सिलीच्या रेघा,
एकीच्या डोक्यावर एक, तारखांसकट.
कालिना पाठ टेकून उभी राहिली,
"आई, मी दोन हजार सतराइतकी आहे!"
मी बॅगा उपसत होते.
कुणाच्या रेघा, हे विचारायचं सुचलंच नाही.

किनाऱ्यावर सहालाच माणसं येतात
आणि रबरी हातोड्यांनी खुंट्या ठोकून
कापडी कुंपणं उभारतात.
चार हात वाळू, दुपारपुरता सातबारा.
पलीकडे काकड्या चिरल्या जातायत,
अलीकडे दबक्या आवाजात एक घटस्फोट चाललाय,
मध्ये आम्ही दोघी, सायीने थबथबलेलं वॉफल,
आणि वॉफलवर डोळा ठेवून एक सीगल.
बाल्टिकचं पाणी असं, की शिरताच
घोट्याचं हाड नेमकं कुठे आहे ते कळतं.
तरी बाहेर येणारा प्रत्येक जण
निळ्या ओठांनी सांगतो,
यंदा बरंच बरं आहे.

चौथ्या दिवशी लाल बावटा.
"मग कोशालिनला जाऊन या," बोग्नाबाई म्हणाल्या,
"आणि आमच्या तिमोनला न्या, त्याचा चष्मा तयार झालाय."

तिमोन आला तो परसातल्या शेडमधून.
उघड्या दारातून मला दिसलं:
दोन कॅम्पखाटा, गॅसची शेगडी,
सायकलींच्या मागे रचलेलं जळण
आणि शाळेच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर झोपलेलं मांजर.
जून संपता संपता घर आमच्यासारख्यांना देऊन
मायलेक इथे बिऱ्हाड मांडतात.
"तुम्ही म्हणजे आमचा हिवाळ्याचा कोळसा,"
तो मला म्हणाला. अगदी आदराने.
बसमध्ये बावीस मिनिटं मी
त्याच्या उशीचा विचार करत बसले.

शहरात मात्र तो यजमान.
पुढे पुढे चालत त्याने दाखवलं:
सरकता जिना (तीनदा वर, तीनदा खाली),
पाळीव प्राण्यांच्या दुकानातला शिव्या देणारा पोपट,
जिथे पिएरोगी आठाऐवजी नऊ मिळतात ते दुकान.
चष्मा लागल्यावर फुटपाथवर थबकून
सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या.
दंतवैद्य. कुलपं. मयताची फुलं.
बसचा नंबर त्याला आमच्याआधी दिसला.

"तुम्ही सुट्टीला कुठे जाता रे?" कालिनाने विचारलं.
"इथेच. ऑक्टोबरात, एक दिवस.
आई सिनेमाला नेते. दिवे गेले की
बूट काढते आणि झोपते.
शेवट काय झाला ते मग मी तिला बसमध्ये सांगतो."
"आणि समुद्र?"
"तो सप्टेंबरनंतर आमचा.
पण तेव्हा फार गार असतो."

निघायच्या सकाळी चौकटीवर एक नवी रेघ होती,
दोन हजार सतराच्या केसभर वर, जांभळ्या स्केचपेनची.
मी ओला रुमाल घेऊन धावले.
बोग्नाबाईंनी हात धरला, चष्म्याविना डोळे बारीक करून
रेघेकडे पाहिलं, कालिनाकडे पाहिलं.
"तारीख घाल," म्हणाल्या,
"बिनतारखेची रेघ काय कामाची?"
आणि बिलात टॉवेलाचे दहा झ्वॉटी लावले, ते लावलेच.

आज वुजमध्ये, ऑक्टोबरातला बुधवार.
कचेरीत हीटर अजून सुरू केलेले नाहीत,
खिडकीबाहेर चारलाच अंधारतंय.
हाच दिवस असेल असं नाही,
पण असलाच, तर आत्ता त्या थिएटरात
मधल्या रांगेत, खुर्चीखाली बुटांची जोडी,
वर एक बाई गाढ झोपलेली,
आणि तिच्या शेजारी नव्या चष्म्यातून एक मुलगा
तिच्यासाठी शेवट लक्षात ठेवतोय.